स्थितांबरातल्या उड्या आणि ‘मुक्त पतन’ या शब्दाचा घोळ

सीएसएमटीहून रेल्वेने ठाणे 34 किलोमीटर, मुंब्रा 40. हाच मार्ग जमिनीवर सरळ उभा केला, तर 14 ऑक्टोबर 2012 रोजी न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या आकाशात ऑस्ट्रियाच्या उडीबाजाने जिथून पाऊल टाकले ती जागा मुंब्रा स्थानकाच्या किंचित अलीकडे येते: 38,969.4 मीटर. ‘अवकाशातून उडी’ असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. अवकाशाची रूढ सीमा 100 किलोमीटरवर, म्हणजे कर्जतला. उडी झाली ती स्थितांबरातून (स्ट्रॅटोस्फिअरमधून), आणि तेवढे पुरेसे थरारक होते.

भारतात तो रविवार होता, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. फुगा सुटला तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजत आले होते; उडी झाली साडेअकरा उलटून गेल्यावर. मधल्या अडीच तासांहून अधिक काळ पडद्यावर पाहण्यासारखे फारसे नव्हते: एक पांढरा फुगा, खाली लटकलेली कॅप्सूल आणि वाढत जाणारा आकडा. तरी एकाच वेळी 80 लाखांहून जास्त ठिकाणी हे प्रक्षेपण चालू होते. ठाणे-नवी मुंबईत डोंगल किंवा 512 केबीपीएसच्या जोडणीवर चित्राऐवजी गोल फिरणारे चक्रच बराच वेळ दिसायचे, पण ‘लाइव्ह’ मुळातच पूर्ण लाइव्ह नव्हते. अपघात झालाच तर तो घराघरांत दिसू नये म्हणून आयोजकांनी प्रक्षेपण 20 सेकंद मागे ठेवले होते. पडद्यावर माणूस पायरीवर झुकत होता, तेव्हा प्रत्यक्षात तो जवळजवळ दोन किलोमीटर खाली येऊन गेला होता.

त्याआधीच्या मंगळवारचा, 9 ऑक्टोबरचा प्रयत्न वाऱ्याने रद्द झाला. फुग्याचे पॉलिथिन 0.02 मिलिमीटर जाडीचे, म्हणजे 20 मायक्रॉन. महाराष्ट्रात तेव्हा, 2006 पासून, 50 मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅगवर बंदी होती. त्याच्या निम्म्याहून पातळ कागदात साडेआठ लाख घनमीटर हेलियम मावेल एवढा फुगा आणि त्याखाली सुमारे 1,300 किलोची कॅप्सूल. जमिनीवर उभा राहत असताना एक झोत आला तरी तो पीळ खाऊन फाटू शकतो, म्हणून तळाशीच नव्हे, फुग्याच्या टोकाच्या उंचीवरही हवा जवळपास निश्चल लागते. 14 तारखेला वर चढताना हेल्मेटच्या काचेचा हीटर नीट चालत नसल्याची शंका आली आणि श्वास सोडला की काच धुरकट होत होती. मोहीम तिथेच गुंडाळावी का, यावर चर्चा झाली. प्रेक्षकांना त्यातले तुकडेच कळले.

आता मुख्य घोळ. ‘मुक्त पतन’ हा शब्द आपल्याकडे दहावीच्या विज्ञानातून येतो: वस्तूवर फक्त गुरुत्वाचे बल असताना होणारी गती. हवेचा विरोध त्यात धरत नाहीत. या व्याख्येने 2012 ची उडी मुक्त पतन ठरतच नाही. पॅराशूट उघडेपर्यंतचे 36,402.6 मीटर अंतर निर्वातात पडायला सुमारे 86 सेकंद लागतील आणि शेवटी वेग ताशी 3,000 किलोमीटरच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात लागली 4 मिनिटे 20 सेकंद आणि कमाल वेग भरला ताशी 1,357.6 किलोमीटर. 39 किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून सुरुवातीची काही सेकंदेच पुस्तकाच्या जवळ जातात. साधारण 34 व्या सेकंदाला ध्वनीचा वेग गाठला, 50 व्या सेकंदाला 27.8 किलोमीटर उंचीवर कमाल वेग आला, आणि तिथून दाट होत जाणारी हवा त्याला रोखू लागली. ‘ध्वनीच्या सव्वापट’ हेही त्या उंचीवरच्या थंड हवेतल्या ध्वनीच्या वेगाशी ताडून; खाडीकिनारी ध्वनी तिथल्यापेक्षा जोरात धावतो.

उडीबाजांच्या भाषेत मात्र फ्री फॉल म्हणजे मुख्य पॅराशूट उघडेपर्यंतचे पडणे. इथे दुसरी गाठ बसते ती ड्रोगची. ड्रोग ही लहानशी छत्री. तिचे मुख्य काम माणसाला सरळ ठेवणे, वेग कमी करणे नव्हे. विरळ हवेत हात-पाय हलवून काही साधत नाही, कारण रेटायला हवाच नसते. एकदा आडवी गरगर सुरू झाली की रक्त डोक्याकडे आणि पायांकडे फेकले जाते आणि शुद्ध जाते.

हे 16 नोव्हेंबर 1959 रोजी घडले. अमेरिकी हवाई दलाच्या अधिकाऱ्याने 76,400 फुटांवरून उडी घेतली. ड्रोगची छत्री 16 व्या सेकंदाला सुटायची होती. टायमरची दोरी आधीच ओढली गेल्याने ती अडीच सेकंदांतच बाहेर आली. तेवढ्यात पुरेसा वेग नव्हता, त्यामुळे ती फुलण्याऐवजी त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. मिनिटाला 120 फेऱ्यांनी तो फिरला आणि बेशुद्ध झाला. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने वाचवले. त्यानेच 16 ऑगस्ट 1960 रोजी 1,02,800 फुटांवरून, म्हणजे मुलुंडच्या आसपासच्या अंतरावरून, उडी पूर्ण केली. उजव्या हातमोज्यातला दाब गेला होता, हात सुजला, पण वर चढताना ही गोष्ट त्याने खाली कळवली नाही. या वेळी ड्रोगने काम केले: 4 मिनिटे 36 सेकंद. तरी हवाई विक्रम नोंदवणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत ही उडी चढलीच नाही.

यादीत चढली ती 1 नोव्हेंबर 1962 ची सोव्हिएत उडी: ड्रोगशिवाय 24,500 मीटर. त्याच फुग्यातून आणखी वरून उडी घेणाऱ्या सहकाऱ्याच्या हेल्मेटची काच बाहेर पडताना आपटून तडकली, सूटमधला दाब गेला आणि तो मेला. 19 किलोमीटरच्या वर शरीराच्या तापमानाला पाणी उकळते, त्यामुळे अशा तड्याला दुरुस्ती नसते.

म्हणजे 2012 पूर्वी सर्वांत उंच उडी एका देशाची आणि मुक्त पतनाचे अधिकृत अंतर दुसऱ्याचे होते. 2012 मध्ये ड्रोग जवळ होता, पण 3.5 ‘जी’, म्हणजे गुरुत्वाच्या साडेतीनपट, बल सलग सहा सेकंद राहिले तरच तो आपोआप उघडणार होता. गरगर सुरू झाली, मिनिटाला 60 फेऱ्यांच्या घरात गेली. पण ती मर्यादा ओलांडली नाही आणि खाली दाट हवा लागल्यावर त्याने स्वतःला सावरले. ड्रोग उघडला असता तर 1962 चा विक्रम त्या गटात मोडला नसता. प्रेक्षकांना ही पैज कोणी समजावून सांगितली नाही. आधी जाहीर झालेली 39,045 मीटर ही उंचीही पुढे 38,969.4 झाली, जुना आकडा अजून फिरतो.

24 ऑक्टोबर 2014 रोजी, दिवाळी पाडव्याच्या रात्री आपल्याकडे साडेआठच्या सुमारास, एका संगणकशास्त्रज्ञाने रॉझवेलवरून 41,419 मीटर उंचीवरून स्वतःला सोडवले. मुंब्रा ओलांडून दिव्याकडे. कॅप्सूल नव्हती, तो सूटमध्येच फुग्याखाली लटकत गेला होता. प्रक्षेपण नव्हते, प्रायोजकाचा गाजावाजा नव्हता. फुग्यापासून सुटताच त्याने ड्रोग वापरला, आणि त्याची दोरी कार्बनच्या ताठ नळीने अंगापासून लांब ठेवली, म्हणजे 1959 चाच दोष शोधून काढून टाकला. याला ‘छत्री लावून केलेली उडी’ म्हणून दुय्यम ठरवणे अन्यायाचे आहे. ड्रोगसह आणि ड्रोगविना असे गट वेगळे ठेवणे बरोबरच, पण त्याचा अर्थ एक खरी आणि दुसरी खोटी असा होत नाही.

हिशेब असा: उंची 2014 कडे, ड्रोगसह अंतरही त्याच्याकडे, 37,617 मीटर. ड्रोगविना अंतर आणि वेग 2012 कडे. आणि सर्वांत जास्त वेळ पडत राहण्याचा मान, अधिकृत नोंद नसली तरी, अजूनही 1960 च्या 4 मिनिटे 36 सेकंदांकडे, कारण 2014 ची वेळ 4 मिनिटे 27 सेकंद होती. 1960 चा तो अधिकारी 2012 मध्ये 84 वर्षांचा होता आणि नियंत्रण कक्षातून कॅप्सूलशी बोलणारा आवाज त्याचाच होता. त्याचे 2022 मध्ये निधन झाले. 2012 चा उडीबाज जुलै 2025 मध्ये इटलीत पॅराग्लायडिंगच्या अपघातात गेला, आणि जुनी क्लिप ‘अवकाशातून’ याच ओळीसह पुन्हा मोबाइलवर फिरू लागली.

फुग्याच्या उंचीचा विक्रम मात्र या दोन्ही उड्यांना मिळाला नाही. त्यासाठी माणसाने फुग्यासोबतच खाली यावे लागते. तो आजही मे 1961 च्या अमेरिकी नौदलाच्या उड्डाणाकडे आहे, 34,668 मीटर: ठाणे स्थानक सोडून गाडी खाडीपुलाकडे निघालेली.