घरून दरमहा येणारे पैसे आणि घरून आलेली एकरकमी मदत: गृहकर्जात कोणते कुठे धरतात?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरी, हातात ३२ हजार पगार. गावाकडून वडील दर महिन्याला १० हजार पाठवतात, कधी उसाच्या बिलातून, कधी दुधाच्या. कळंब्याला किंवा पाचगावला फ्लॅट बघून आलं की पोरगा हिशेब मांडतो: ३२ आणि १०, महिन्याला ४२ आले. बँक मात्र ३२च धरते. बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर हे कळणारी कुटुंबं बघितली की फार वाईट वाटतं, कारण ते १० हजार खरोखर उपयोगी असतात. फक्त चुकीच्या रकान्यात मांडलेले असतात.

घरच्या मदतीला गृहकर्जात दोन ठिकाणी जागा आहे असं आपण समजतो. एक म्हणजे घराच्या किमतीतला आपला वाटा, ज्याला सगळे मार्जिन म्हणतात. दुसरी म्हणजे हप्ता फेडण्याची ऐपत. आईवडिलांनी बक्षीस दिलेली रक्कम मार्जिनमध्ये चालते. ऐपतीत मात्र सहसा धरत नाहीत, मग ती पाच वर्षं नेमाने येत असली तरी. पगार देणं कंपनीला भाग आहे, वडिलांना नाही. एखाद्या साली ऊस वाळला, घरात आजारपण निघालं, धाकटीचं लग्न ठरलं, तर ते पैसे थांबतील आणि कुणी त्यांना जाब विचारू शकणार नाही. वीस वर्षांचा हप्ता अशा पैशावर बेतायला बँक धजत नाही, आणि मला ते रास्त वाटतं.

आकड्यात बघू. समजा बँकेने हातातल्या पगाराचा निम्मा भाग हप्त्यासाठी धरला. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत असेल तर लाखामागे हप्ता साधारण ८६८ रुपये बसतो. १६ हजारांच्या हप्त्यात जेमतेम साडेअठरा लाख मिळतात. ४२ हजार धरून केलेल्या हिशेबात हेच कर्ज २४ लाखांच्या घरात दिसतं. फरक साडेपाच लाखांहून जास्त, आणि गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता चालू असेल तर आणखी.

आता तेच १० हजार मार्जिनकडे वळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळते. २४ लाखांच्या फ्लॅटला नियमाने २ लाख ४० हजार पुरतात, पण ३२ हजार पगारावर साडेअठरा लाखच कर्ज मिळत असल्याने प्रत्यक्षात साडेपाच लाख तरी लागतील. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी पदरचीच. वडिलांचे १० हजार तीन वर्षं मुलाच्या नावच्या रिकरिंगमध्ये, म्हणजे दरमहा भरायच्या बँक ठेवीत गेले तर ३ लाख ६० हजार आणि वर व्याज. म्हणून घर घ्यायचं मनात आलं की त्याच महिन्यापासून हे पैसे घरखर्चातून बाजूला काढावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कर्ज मंजूर करणारे अधिकारी स्टेटमेंट ओळीओळीने वाचतात. दर महिन्याच्या ५ तारखेला वडिलांच्या खात्यातून आलेले १० हजार आणि लगेच रिकरिंगला गेलेले १० हजार, ही ओळ बघून कुणी काही विचारत नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात ३ लाख रोख भरलेले दिसले, की पेन्सिलीची खूण होते आणि प्रश्न सुरू होतात. एकरकमी मदत घ्यायचीच असेल तर खात्यातून खात्यात घ्या. सोबत वडिलांच्या सहीचं पत्र ठेवा: नातं, रक्कम, तारीख, आणि ‘हे पैसे परत घ्यायचे नाहीत’ हे वाक्य. वडिलांच्या खात्यात ते कुठून आले, तेही दाखवायची तयारी हवी. कारखान्याचं बिल किंवा मोडलेली ठेव असली की झालं.

हप्त्यातच मदत करायची असेल तर वडिलांनी सहकर्जदार व्हावं. मग त्यांचं उत्पन्न धरलं जातं: सातबारा, आठ-अ, ऊस आणि दुधाची खात्यात जमा झालेली बिलं. पण ही सही साधी नाही. मुलाचा हप्ता चुकला तर पूर्ण कर्ज त्यांच्या माथी येतं आणि त्यांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पतनोंदही बिघडते. वय जास्त असेल तर मुदत आखडते. आणि नुसत्या कर्जाच्या कागदावर सही केल्याने ते घराचे मालक होत नाहीत; त्यासाठी खरेदीखतात नाव लागतं. घरात दोन भाऊ असतील तर हे सगळं सहीच्या आधी सगळ्यांसमोर बोललं गेलंच पाहिजे.

परत द्यायचे ठरलेले पैसे बक्षीस म्हणून दाखवू नका. ते उसने आहेत, त्यांची परतफेड तुमच्याच पगारातून होणार आहे, आणि ती लपवली तर पहिल्या वर्षीच हप्त्याची ओढाताण सुरू होते. २० हजार किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. एकावेळी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख तर बक्षीस म्हणूनही घेता येत नाही.

कराचं थोडक्यात. आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी यांच्याकडून आलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही, रक्कम कितीही असो. चुलतभाऊ, मामेभाऊ आणि मित्र मात्र कायद्याच्या यादीत नाहीत. अशांकडून वर्षात मिळून ५० हजारांच्या वर पैसे आले तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. मामेभाऊ मदत करतोच म्हणत असेल तर ते पैसे खात्यातून, साधा कागद करून, उसने म्हणून घ्यावेत आणि बँकेच्या अर्जात कर्जाच्या रकान्यात लिहावेत.