जुन्या गाडीचे सांधे

ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने १ लाख किलोमीटर कापायला गाडीला साधारण १,६६७ तास लागतात. सेकंदांत मांडलं तर हे ६० लाख सेकंद होतात. धक्का बसला की स्प्रिंगवर टेकलेली बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावते आणि खालचं चाक दहा-पंधरा वेळा थरथरतं. सगळा रस्ता काही खड्ड्यांचा नसतो, तरी अर्ध्याहून जास्त वेळ वजा केला तरीही या थरथरींचा हिशेब कोटींत जातो. एवढं होऊनही सस्पेन्शनकडे, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंग, शॉक आणि सांध्यांकडे, लक्ष जातं ते खालून टकटक ऐकू आल्यावरच. इंजिनाचं ऑइल न चुकता बदलणारी माणसंसुद्धा शॉक ॲब्सॉर्बरमध्येही ऑइल असतं, हे विसरलेली असतात.

जीव लावलेली जुनी गाडी पुन्हा धडधाकट करायची ठरवली, की काय बदलायचं हा प्रश्न येतो. उत्तर बरंचसं भाग कशाचा आहे यावर ठरतं. पोलाद, तेल आणि रबर ही तिन्ही जुनी होतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

स्प्रिंगवर आपण फार लवकर आळ घेतो. पोलादाचा ताठरपणा वयानुसार उतरत नाही. मग गाडी ‘बसते’ का? वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग किंचित कायमची दबते आणि तिची मोकळी उंची कमी होते. ताठरपणा तोच राहतो, पण वरखाली व्हायला उरलेली जागा घटते आणि मोठ्या खड्ड्यात गाडी चटकन बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाला अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यावर, आदळते. गंजाचं प्रकरण निराळं. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरची तार गंजून ११.७ झाली, तर स्प्रिंग सुमारे १० टक्के मऊ पडते. पण एवढं व्हायच्या आधीच ती बहुधा तुटते. चिखल धरून ठेवणाऱ्या सगळ्यात खालच्या वेटोळ्यावर गंजाचा खळगा पडला, की ताण तिथे एकवटतो आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक भेग थोडी पुढे सरकते. एकदा दिला तर धातू सहज पेलेल असा भार लाखो वेळा दिला तर तो तुटतो, हे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. तेव्हा टॉर्च घेऊन खालचं वेटोळं बघावं. ते स्वच्छ असेल आणि गाडीची उंची फारशी उतरलेली नसेल, तर स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

तेलाची गोष्ट उलटी आहे. शॉक ॲब्सॉर्बर खरं तर शॉक शोषत नाही. धक्का स्प्रिंग झेलते. शॉकचं काम स्प्रिंगचे हेलकावे थांबवायचं. त्याच्या आत दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला बारीक झडपांमधून जावं लागतं. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर सहज दबते, झटक्यात दाबली तर हाताला विरोध करते, तसंच इथे होतं. विरोध वेगाबरोबर वाढतो आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. वाईट रस्त्यावर लांबवर चालवून आल्यावर शॉक हाताला गरम लागतो तो यामुळे.

तो थकला की काय होतं, हे आकड्यात बघण्यासारखं आहे. साधारण प्रवासी गाडीतल्या चांगल्या शॉकमुळे एका पूर्ण हेलकाव्यानंतर मूळ उसळीच्या १४ टक्के उसळी उरते. शॉकचा जोर एक तृतीयांशावर आला, तर तीच ५३ टक्के उरते, आणि गाडी शांत व्हायला तीन हेलकावे घ्यावे लागतात. तेवढ्यात पुढचा खड्डा आलेला असतो. जुन्या शॉकमध्ये आणखी एक भानगड होते. सील झिजून तेल कमी झालं किंवा गॅसचा दाब उतरला, की तेलात हवा मिसळून फेस होतो. फेस दबतो, तेल दबत नाही. त्यामुळे पहिले काही किलोमीटर ठीक वाटलेली गाडी खराब रस्त्यावर पुढे पुढे डुलायला लागते आणि थांबून निवल्यावर पुन्हा शहाण्यासारखी वागते. या फेसावर उपाय म्हणून क्रिस्त्यां बुर्सिए द कार्बों या फ्रेंच इंजिनिअरने १९५० च्या दशकात एकाच नळीचा, गॅसच्या दाबाखालचा शॉक पुढे आणला. त्यात नायट्रोजन साधारण वातावरणाच्या २० ते ३० पट दाबाने भरलेला असतो.

डुलण्यापेक्षा गंभीर नुकसान डोळ्यांना दिसत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. चाक उडत-दबत असेल, तर दबताना मिळालेली जादा पकड उडताना गमावलेली पकड भरून काढत नाही. सरासरी भार तोच, पकड मात्र कमी. ब्रेक मारताना आणि वळणावर फरक पडतो तो इथे.

आणि चालवणाऱ्याला हे कळत नाही. बदल रोज कणाकणाने झाला, की इंद्रियांना तो टिपता येत नाही. शिवाय हात आपोआप जुळवून घेतात, वळणाआधी थोडा वेग कमी होतो, स्टिअरिंग थोडं आधी फिरतं. कोपरा दाबून गाडी किती वेळा उसळते ते बघायची जुनी युक्ती पार संपलेला शॉक पकडते, अर्धा थकलेला नाही. हाताने दाबताना हालचाल संथ असते आणि शेजारच्या जुन्या सांध्यांचं आणि त्यांतल्या रबरी बुशांचं घर्षण ती थांबवायला मदत करतं. परीक्षेत पास होतो तो शॉक, उत्तरं लिहितात शेजारचे!

शेजारी म्हणजे रबरी बुश. जुनी गाडी ‘जुनी’ वाटते ती सगळ्यात जास्त यांच्यामुळे, असं मला वाटतं. लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारी खालची दांडी) चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे जोडलेली असते, तिथे दोन धातूंच्या मध्ये रबर असतं. ते आर्मला फिरू देतं, रस्त्याची बारीक थरथर गिळतं आणि तरीही चाक जागेवर धरून ठेवतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार झाले. ताणलं तरी रबर परत मूळ आकारात येऊ लागलं. म्हातारपण म्हणजे या रचनेची मोडतोड. हवेतला ऑक्सिजन कुठे साखळ्या तोडतो, कुठे नको तितके नवे पूल बांधतो, आणि रबर कडक होऊन तडकतं. ओझोन अगदी थोडा असला तरी ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावर हल्ला करतो. त्याच्या भेगा नेहमी ताणाच्या दिशेला आडव्या पडतात. इंजिनातून गळणारं ऑइल लागलं तर नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. तेव्हा आधी गळती बंद करावी, मग बुश बदलावेत.

यातून एक अडचण निघते, जी जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पटत नाही. पॅकबंद डब्यात पंधरा-वीस वर्षं पडून असलेला ‘अस्सल’ बुश नवा नसतो. ऑक्सिजन त्याच्यापर्यंतही पोचलेला असतो. धातूचा जुना सुटा भाग मिळाला तर आनंद मानावा. रबराचा मिळाला तर आधी नखाने दाबून आणि वाकवून बघावा.

बुश बसवताना नेहमी होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. बहुतेक बुशांमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जाम होते; आर्म हलते तेव्हा काही घसरत नाही, रबर पिळलं जातं. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबताहेत, आणि मेकॅनिकने बोल्ट शेवटचा आवळला. गाडी खाली आली, आर्म वर गेली, रबराला पीळ बसला, तो कायमचा. गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची आणि मग ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने पक्का करायचा. यात दहा मिनिटं जादा जातात, म्हणून हे हटकून टाळलं जातं.

पॉलियुरेथेनचे कडक बुश टिकतात, स्टिअरिंगही नेमकं वाटतं. पण रबर जी थरथर गिळतं ती हे वर पाठवतात आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतात. रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीला रबरच बरं. बॉल जॉइंटचं, म्हणजे आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोळ्या-खोबणीच्या सांध्याचं, गणित सोपं आहे: ग्रीस धरून ठेवणारी रबरी टोपी फाटली, पाणी-धूळ आत गेली, की गोळा आणि खोबण झिजतात. प्ले, म्हणजे सैलपणा, आला असेल तर थांबू नये, सांधा सुटला तर चाक कोलमडतं.

स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक यांची एकत्र जोडणी) उघडायची वेळ आली, तर दाबलेल्या स्प्रिंगचा मान ठेवावा. नेहमीची स्प्रिंग २० सेंटिमीटर दाबली तर तिच्यात सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे ५० किलो वजन १ मीटरवरून सोडावं इतकी. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचं नट सोडू नये. धूळटोपीच्या आत बहुधा बंप स्टॉपचा भुगा सापडतो. हा भाग बऱ्याचदा फेसाळ पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत त्याच्या साखळ्या पाण्यामुळे तुटत जातात. बोटात धरला की चुरा होतो.

शॉक एका आसावर जोडीनेच बदलावेत. एकीकडे नवा, एकीकडे थकलेला असेल तर ब्रेक मारताना दोन चाकांची पकड सारखी राहत नाही. स्प्रिंग बदलायचीच असेल तर पुढच्या-मागच्या मऊपणाचं मूळ प्रमाण बिघडवू नये. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये दाखवलं होतं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या, तर पुढच्या चाकांनंतर खड्ड्यात जाणारी मागची बाजू हेलकाव्यात पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक आपटत झुलत नाही. मागे मऊ स्प्रिंग टाकून ‘आराम’ वाढवणारे बऱ्याचदा नेमकं हेच घालवून बसतात.

शेवटी अलाइनमेंट. आर्म-बुश बदलले की चाकांचे कोन बदलतातच. आणि एवढं करूनही दोन तक्रारी राहतात. जुन्या शॉकमुळे लाटांसारखा झिजलेला टायर तसाच गुणगुणत राहतो. तो गोलाईत परत येत नाही. दुसरं म्हणजे डॅशबोर्ड, दारं आणि सीटचे आवाज अचानक ऐकू येऊ लागतात. ते आधीही होतेच, मोठ्या आवाजाखाली दबलेले. पण गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्ण’ असा आवाज आला, तर तो नवा समजावा: स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकतंय, स्प्रिंग पिळली जाऊन सुटतेय. नव्या शॉकवर जुनंच माउंट (स्ट्रटला वर बॉडीशी जोडणारा भाग) परत चढवलं असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करावी.