‘मागचं टूल जास्त चाललं होतं’

(डिचोलीच्या आमच्या टूल-ग्राइंडिंग वर्कशॉपकडून गिऱ्हाइकांसाठी)

वरचं वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी काउंटरवर ऐकू येतं. मागचा इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा, बदलता येणारा धारेचा तुकडा) पंधरा दिवस चालला, हा चार दिवसांत गेला, माल बदललात काय? माल तोच असतो. पण दिवस हे टूलचं माप नव्हे. जॉब (म्हणजे कापायचा धातूचा तुकडा) मशीनवर बांधणं, मोजणं, चहा, गेलेली वीज, यात टूल झिजत नाही. ते झिजतं धातूत असेल तेवढा वेळच. म्हणून तक्रार आली की आम्ही मटेरियल, डायमीटर, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि निघालेले जॉब विचारतो. काहींना ती उलटतपासणी वाटते, पण त्याशिवाय आम्ही तरी काय सांगणार?

गेल्या पावसाळ्यात बार्जदुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दोन वापरलेले कार्बाइडचे (टूलसाठीचा फार कडक पदार्थ) इन्सर्ट पुडीतून काढून टेबलावर ठेवले. "मशीन तेच, माइल्ड स्टील तेच, आरपीएम दोन्हीला ८००. मग हा लगेच कसा बसला?" डायमीटर विचारला. पहिला जॉब ४० मिमीचा, दुसरा ६० चा. ग्यानबाची मेख तिथेच होती. ८०० आरपीएमला ४० मिमीच्या जॉबवर कटिंग स्पीड, म्हणजे धारेसमोरून धातू सरकतो तो वेग, पडतो मिनिटाला साधारण १०० मीटर, ६० वर १५०. स्पीड दीडपट झाला की कार्बाइडचं आयुष्य ढोबळमानाने पाचव्या हिश्श्यावर येतं. आरपीएम सारखा म्हणजे स्पीड सारखा, ही समजूत आमचाही वेळ खाते आणि तुमचाही.

हे गणित आमचं नाही. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने वर्षानुवर्षं स्टील कापून ते बसवलं आणि १९०७ साली ते छापून आलं. स्पीड २० टक्के वाढवला तर कार्बाइडचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलच्या टूलचं) तर पाव. फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल किती पुढे सरकतं ते, वाढवल्याने इतका फटका बसत नाही. काम उरकायची घाई असेल तर आधी फीडला हात लावा, अर्थात फिनिश चालत असेल तर.

दुसरी गोष्ट, दोन्ही टूलं एकाच झिजेवर थांबवा. एक धार जाताच काढलं आणि दुसरं मोडेपर्यंत रेटलं, तर तुलना कसली? धारेखालच्या बाजूवर चकचकीत पट्टा उठतो, त्याची रुंदी बघायची. कार्बाइडला ०.३ मिमी ही रूढ मर्यादा आहे. झेरॉक्सचे तीन कागद एकावर एक ठेवलेत की साधारण तेवढी जाडी होते. नवी धार सुरुवातीला भरभर झिजते, मग बराच वेळ संथ चालते आणि शेवटी एकदम कोसळते. त्या शेवटच्या टप्प्यात ‘अजून दोन जॉब निघतील’ म्हणणारेच आमच्याकडे निळं पडलेलं ड्रिल घेऊन येतात. वेळेवर आणलेल्या ड्रिलचं थोडंसंच घासावं लागतं, जळालेल्याचा निळा पडलेला सगळा भाग काढावा लागतो. मजुरी जास्त लागते ती त्याची. शिवाय ड्रिल आखूड होतं ते वेगळंच.

स्टेनलेसवर बोथट टूल चालवणं तर दुहेरी नुकसान. ते कापायचं सोडून घासत बसतं, पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचं नवं टूलही त्या कडक थरात अडकतं.

धार लावलेलं कोटिंगचं टूल नव्याइतकं चालेलच असं आम्ही सांगत नाही. घासलेल्या बाजूवरचं कोटिंग जातं. पण पाच वेळा धार लावता येणाऱ्या एंडमिलचा (मिलिंग मशीनवरच्या फिरत्या कटरचा) हिशेब एका धारेवर करू नका, सगळ्या धारांचे जॉब आणि सगळा खर्च धरून करा. ‘इतके दिवस चालेल’ अशी गॅरंटी आमच्याकडे मिळत नाही. दुसरीकडे कोणी देत असेल तर त्यांना आधी तुमच्या जॉबचा डायमीटर विचारू द्या.

आता प्रत्येक डबीत एक कार्ड घालतो: मटेरियल, डायमीटर, आरपीएम, फीड, जॉब. टर्नरने पेन्सिलीने भरलं तरी पुरे. कार्डासोबत टूल आणलंत तर भिंगाखाली झीज मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. इन्सर्ट एकाच डब्यात खळखळत आणू नका, धारा एकमेकींवर आपटून तुटतात. पावसात एचएसएसची ड्रिलं तेल लावूनच गुंडाळा.

चतुर्थीच्या आधी गर्दी असते. तेव्हाची टूलं आठवडाभर अगोदर द्या.