कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि सामनेवाल्यावर होणारे परिणाम

'डीव्हीची (डोमेस्टिक व्हायोलन्स, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची) केस पडली म्हणजे आता अटक होणार' ही पुण्यातील शिवाजीनगरच्या न्यायालय आवारात नेहमी ऐकू येणारी समजूत बरोबर नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याखालील अर्ज हा मुळात दिवाणी स्वरूपाची दाद मागणारा असतो. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेबद्दल अटक आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये आहे, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यात वेगळी फिर्याद द्यावी लागते.

अर्ज केवळ पत्नीच करू शकते असे नाही. आई, बहीण, मुलगी, तसेच विवाहासारख्या नात्याने एकत्र राहिलेली स्त्रीही पात्र ठरते. सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, पुरुषच असला पाहिजे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली, त्यामुळे सासू किंवा नणंद यांनाही पक्षकार करता येते. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, लैंगिक छळ, खर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन अडकवून ठेवणे हाही हिंसाचारच होय.

सासर नागपूरचे असले, तरी अर्जदार सध्या पुण्यात माहेरी राहत असेल, तर पुण्यातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो थेट, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली शासनाने नेमलेला अधिकारी) दाखल होतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्जासोबत ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, विवाहाचा दाखला (नसल्यास लग्नपत्रिका व छायाचित्रे), वैद्यकीय कागद, पूर्वीच्या तक्रारींच्या प्रती आणि स्त्रीधनाची यादी जोडावी. पोटगी मागताना मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावे लागते, आणि माझ्या मते बहुतेक प्रकरणे येथेच अडखळतात, कारण पगारपत्रक व बँकेचे उतारे वेळेवर कोणीच देत नाही. व्हॉट्सॲपवरील संदेशांच्या छापील प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते, याचाही अनेकांना विसर पडतो.

पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कलम २३ खालील अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी सुरुवातीलाच करावी.

आदेश झाल्यास सामनेवाल्याला संपर्क साधण्यास मनाई होऊ शकते, घराबाहेर पडावे लागू शकते, किंवा घराचे भाडे द्यावे लागू शकते. मात्र सामनेवाली स्त्री असल्यास तिला घराबाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही. पोटगी थकल्यास न्यायालय ती रक्कम पगारातून कापण्याचा निर्देश थेट नोकरी देणाऱ्या मालकाला देऊ शकते. गुन्हा घडतो तो संरक्षण आदेश (हिंसाचार, संपर्क इत्यादींना मनाई करणारा आदेश) मोडल्यावर : कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आहे. आदेश अमान्य असणाऱ्याने तो परस्पर धुडकावण्याऐवजी तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करावे. परिस्थिती बदलल्यास आदेशात फेरबदल मागण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना आहे.