जत्रेसाठी नदी निवळली

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या १९०४ च्या वर्ल्ड्स फेअरबद्दल (म्हणजे जागतिक प्रदर्शन) काहीही वाचायला घ्या, आईस्क्रीम कोन तिथेच जन्माला आला हे येतंच (तेही वादग्रस्तच आहे म्हणा), पण मला विचाराल तर तिथली खरी भारी गोष्ट म्हणजे पाणी. शहर मिसिसिपीच्या काठावर, आणि जरा वरच्या अंगाला मिझुरी नदी येऊन मिळते ती गाळ घेऊनच, त्यामुळे नळाला चहाच्या रंगाचं पाणी. फेअर भरणार होतं त्या फॉरेस्ट पार्कमध्ये टेकडीवरून मोठे धबधबे सोडायचे होते, आणि जगभरच्या पाहुण्यांसमोर त्यातून चिखल पडणं मेयर रोला वेल्स यांना परवडणारं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, टाकीत ठेवा की, बसेल गाळ खाली. वाळू बसते हो, पण मातीचा एक मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला १२-१३ दिवस घेतो! शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो, सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, चिकटतच नाहीत. चिकटले तर मात्र मजा आहे, कारण आकार दुप्पट झाला की बुडायचा वेग चौपट होतो, दहापट झाला तर शंभरपट. आपल्याकडे पाण्यात तुरटी फिरवतात ती याचसाठी, अॅल्युमिनियमचे धनभारित आयन ते ढकलणं मोडून काढतात.

सेंट लुईसचे केमिस्ट जॉन विक्सफर्ड यांनी तुरटीऐवजी चुना आणि हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) वापरलं. हिराकसमधलं लोह चुन्याच्या अल्कलीत आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे फेरिक हायड्रॉक्साइड होतं, म्हणजे तांबूस, बुळबुळीत, कापसासारखे पुंजके. ते खाली बसताना वाटेतला गाळ गुंडाळून नेतात, चुन्यातलं कॅल्शियम कणांचा भार दाबायला मदत करतं. मार्च १९०४ मध्ये शहराच्या नळांना स्वच्छ पाणी आलं, ३० एप्रिलला फेअर उघडलं. अगदी वेळेत!

इथे एक सांगायलाच हवं, तुरटी फिरवली की पाणी 'शुद्ध' झालं असे फॉरवर्ड फिरतात ना, ते खरं नाही. गाळाबरोबर बरेच जंतू जातात, सगळे नाही. आणि सेंट लुईसला तर शिकागोच्या सांडपाण्याचीही धास्ती होती, १९०० मध्ये कालवा काढून शिकागोने ते मिसिसिपीच्या दिशेला वळवलं होतं. मिझुरी राज्य त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं, तुमचा टायफॉइड शिकागोचाच हे सिद्ध होत नाही म्हणे. सेंट लुईसला वाळूचे फिल्टर यायला पुढे १९१५ उजाडलं.