अमावास्या बघून निघा

‘अमावास्येला कसले निघताय? दोन दिवस राहा, मग जा.’ किनाऱ्याकिनाऱ्याने पायी चालत वेंगुर्ल्यापर्यंत पोचलेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. ज्या घरच्या पडवीत पथारी पडलेली असते त्या घरची आजी तो देते, आणि तिच्या मनात काळजीच असते. पण सल्ला उलटा आहे. रेवस ते रेडी या सुमारे पाचशे किलोमीटरच्या वाटेचा शेवटचा तुकडा, म्हणजे वेंगुर्ला, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, हा चालायला महिन्यातले उत्तम दिवस अमावास्येचे आणि पौर्णिमेचे. का ते सांगायचं तर आधी पायाखालच्या वाळूकडे बघावं लागेल, आणि मला तेच करायचं आहे.

इथवर आलेल्या माणसाचा दिवस पायांभोवती फिरत असतो. पहिल्या आठवड्यात गप्पा किल्ल्यांच्या आणि दशावताराच्या असतात. शेवटच्या आठवड्यात कुणाच्या टाचेला फोड, कुणाचं नख काळं पडलंय, कुणाचे मोजे वाळले नाहीत, एवढंच. पहाटे चारला उठायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून चिकटपट्टी लावायची, मिळालीच तर उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी खाऊन निघायचं. घामातून गेलेलं मीठ आणि पाणी दोन्ही त्यात परत मिळतं, त्यामुळे पेजेला नावं ठेवू नयेत. वाटेत कुणीतरी विचारतंच, ‘खयसून इलात?’ रेवसपासून चालत, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘चलत? गाडयेक काय झाला?’

पायांचे हे हाल नुसत्या अंतराने होत नाहीत. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र कायम उजव्या हाताला. पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार समुद्राकडे; त्यामुळे उजवा पाय कायम खाली आणि डावा वर, कंबर तिरकी. एका दिवसात हे जाणवत नाही. महिनाभर तोच उतार, त्याच बाजूला मिळाला की गुडघा बोलायला लागतो. बाजू बदलायची तर उलटं रेवसला चालत जावं लागेल!

आणि दुसरी गोष्ट वाळूची. बेल्जियममधल्या लजन, विलेम्स आणि हेग्लुंड या संशोधकांनी १९९८ साली माणसांना कोरड्या वाळूवर चालवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. कडक जमिनीवर त्याच वेगाने चालायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा वाळूवर लागली. कारण सरळ आहे. पाऊल मागे रेटतं तेव्हा वाळूही मागे सरकते, म्हणजे आपण स्वतःबरोबर वाळूही ढकलत असतो, आणि ते काम परत मिळत नाही. शिवाय स्नायू आणि कंडरा मिळून एरवी जी काटकसर करतात, तीही मऊ जमिनीवर बिघडते. म्हणजे सुरूच्या बनाला धरून कोरड्या वाळूतून दहा किलोमीटर काटले तर शरीराच्या हिशेबात ते वीसच्या वर भरतात.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूवरून चालायचं. ती कडक असते. प्रश्न असा की का? पाणी घातल्यावर माती मऊ होते, मग वाळू कडक कशी?

आता एक निरीक्षण करा. लाट नुकतीच ओसरलेल्या चकचकीत वाळूवर पाऊल ठेवा आणि पावलाच्या भोवती बघा. वीतभर रुंदीची एक फिकट, कोरडी कड क्षणात उमटते. चकाकी जाते, वाळू निस्तेज होते. पाऊल उचललंत की ठशात पाणी पाझरून येतं आणि पुन्हा चकाकी. बहुतेकांचं स्पष्टीकरण ठरलेलं असतं: वजनाने वाळू दाबली गेली, पाणी बाहेर निघालं. पण दाबून पाणी बाहेर निघालं असतं तर पावलाभोवतीची वाळू जास्त ओली दिसायला हवी होती. ती कोरडी दिसते. म्हणजे पाणी बाहेर आलेलं नाही, आत गेलं आहे. पायाखालच्या वाळूत अचानक जास्त जागा तयार झाली आहे. दाबल्यावर वाळू फुगली!

हे पहिल्यांदा नीट सांगितलं ते मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी, १८८५ साली. पाइपातल्या पाण्याचा प्रवाह शांत की खळबळीचा, हे सांगणारा ‘रेनॉल्ड्स अंक’ अभियांत्रिकीच्या मुलांना पाठ असतो, ते हेच. वाळूच्या या गुणाला त्यांनी ‘डायलेटन्सी’ म्हटलं. किनाऱ्यावरच्या पावलाभोवतीची कोरडी कड हेच त्यांचं उदाहरण होतं.

गंमत कणांच्या रचनेत आहे. एकसारख्या गोळ्या अगदी नेटक्या रचल्या तर त्या जास्तीत जास्त ७४ टक्के जागा भरतात. नुसत्या ओतून, हलवून बसवल्या तर ६४ टक्क्यांच्या आसपास, आणि अगदी सैल पडल्या तर ५५-५६ टक्के. उरलेली जागा फटींची, आणि ओल्या पुळणीत त्या फटींत पाणी. लाटा येऊन जाऊन वाळूला सतत हलवत असतात, त्यामुळे कण एकमेकांच्या खळग्यांत बसत जातात. तांदळाचा डबा आपटून आपटून आणखी शेरभर मावतात, तसंच. पाण्याच्या कडेची वाळू अशी गच्च बसलेली असते.

गच्च बसलेल्या कणांवर पाऊल पडलं की ते नुसते दाबले जाऊ शकत नाहीत, कारण आणखी जवळ यायला जागाच नसते. ते एकमेकांवरून सरकायला बघतात. पण खळग्यात बसलेल्या कणाला सरकायचं तर आधी शेजारच्या कणावर चढावं लागतं. सगळेच चढले की कणांमधलं अंतर वाढतं, फटी मोठ्या होतात. मोठ्या झालेल्या फटींना भरायला जास्त पाणी हवं. ते आजूबाजूने आणि वरून खेचलं जातं, म्हणून पृष्ठभागावरचं पाणी खाली उतरतं आणि वाळू कोरडी दिसते.

आता कडकपणाकडे येऊ, आणि इथे जरा दमाने घ्या. पाण्याला आत यायचं असतं, पण बारीक फटींतून ते लगेच येऊ शकत नाही. तोवर आतल्या पाण्याचा दाब कमी होतो, भोवतालच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो. त्याला आपण ओढ म्हणू. ही ओढ कणांना एकमेकांकडे खेचते. कण जितके जोरात एकमेकांवर दाबले जातील तितकं घर्षण जास्त, आणि घर्षण जितकं जास्त तितकं सरकणं कठीण. म्हणजे पाऊल वाळूला विस्कटायला गेलं की वाळू त्याच क्षणी स्वतःला आवळून घेते. नुसत्या पृष्ठताणाने किती ओढ मिळते याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने होतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, आणि बारीक वाळूतल्या फटीची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरू. पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागलं की उत्तर २,९०० पास्कलच्या आसपास येतं, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब. म्हणूनच ओहोटीत पाण्याची पातळी वाळूखाली वीतभर उतरली तरी वरची वाळू भिजलेलीच राहते.

पण पाठपिशवीसकट ८० किलोचा माणूस एका पावलाच्या दीडशे चौरस सेंटिमीटरवर उभा राहिला तर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडं जास्त वजन पडतं, आणि ही ओढ तर तेवढ्याच जागेत ३० ग्रॅमची. मग भागतं कसं? भागतं, कारण एक तर कणांचं आपापसातलं घर्षण आधीपासून असतंच. आणि दुसरं, चालताना पाऊल जमिनीवर पाऊण सेकंदसुद्धा नसतं. तेवढ्यात बारीक फटींतून पाणी फारसं सरकत नाही, त्यामुळे आत, खोलवर, ओढ या ३० ग्रॅमच्या कितीतरी पट वाढू शकते. म्हणूनच झपझप चालणारा रुतत नाही आणि फोटोसाठी उभा राहिलेला हळूहळू घोट्यापर्यंत जातो. त्याने पाण्याला वेळ दिलेला असतो.

खात्री करायची असेल तर घरी करून बघा. प्लॅस्टिकची मऊ, पारदर्शक बाटली बारीक वाळूने भरा, आपटून आपटून बसवा, पाणी ओता, आणि झाकणातून एक स्ट्रॉ हवा न जाईल अशी बसवून तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी येऊ द्या. बाटली दाबा. स्ट्रॉमधलं पाणी वर चढायला हवं, असं मन सांगतं. ते खाली उतरतं. रेनॉल्ड्स रबराची पिशवी आणि काचेची नळी घेऊन हेच दाखवत असत. पुढे मात्र त्यांना या कल्पनेने इतकं पछाडलं की सगळं विश्वच अशा गच्च बसलेल्या कणांचं आहे आणि गुरुत्वाकर्षणही त्यातूनच येतं, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो टिकला नाही. मोठ्या माणसाचाही शब्द तपासूनच घ्यायचा असतो.

त्यांची ही गत, तर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘अर्थिंग’वाल्यांची काय सांगावी? ओल्या वाळूवर अनवाणी चाललं की जमिनीतले इलेक्ट्रॉन तळव्यांतून चढतात आणि सांधेदुखी, मधुमेह, झोप सगळं ठीक होतं म्हणे. ओल्या वाळूवर चालून बरं वाटतं हे खरं, कारण ती कडक असते आणि समोर समुद्र असतो. महिनाभर चाललेल्या माणसाच्या गुडघ्यांना विचारा, इलेक्ट्रॉन कुठवर पोचले ते. त्यापेक्षा आरवलीचा वेतोबा मला जवळचा वाटतो. रात्री तो गावाभोवती फिरतो अशी समजूत आहे, आणि म्हणून त्याला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. ती झिजतात यावर माझा विश्वास नाही, पण चालणाऱ्याला पायताण लागतं हे ओळखणारे भक्त दुसरीकडे फारसे दिसत नाहीत.

तर आता अमावास्या. गच्च, ओल्या वाळूचा पट्टा किती रुंद मिळणार हे ओहोटीवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, म्हणून भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. उधाणात भरती वर जाते तितकीच ओहोटी खाली उतरते. मुंबईकडे हा फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेकडे कमी होत वेंगुर्ल्याला दोन मीटरच्या आसपास राहतो. पन्नासात एक असा उतार धरला तरी दोन मीटरला शंभर मीटर रुंद पुळण उघडी पडते. शिवाय खालचा भाग जास्त सपाट असतो, म्हणजे कंबरही सरळ.

वेळेचा हिशेब कोकणात जुना आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडतो, त्यातून हे आलं. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. हाताच्या बोटांवर मोजायला एवढी चूक चालते. मोचेमाडच्या खाडीकाठी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांना मी खाडी पायी ओलांडण्याइतकं पाणी कधी उतरेल म्हणून विचारलं. ‘तिथ खयची आज?’ दशमी. ‘मगे साडेसाताक भरती. दुपारी दीडाक येवा.’ मोबाइलवरचं वेळापत्रक काढेपर्यंत ते पुन्हा जाळ्याकडे वळले होते.

हेच गणित अमावास्येला लावा. भरती अकरा-बाराच्या सुमाराला, वेंगुर्ल्याकडे मुंबईपेक्षा थोडी आधीच. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या पुढेमागे आणि पुन्हा संध्याकाळी पाचच्या पुढेमागे. चार ते आठ आणि साडेतीन ते सात, उन्हाच्या आधी आणि उन्हानंतर, रुंद आणि कडक वाट तुमची. भर दुपारी, भरती चढलेली असताना, तुम्ही कुणाच्या तरी माडाखाली सोलकढी पीत पडलेले असता. अष्टमीला निघालात तर ओहोटी ऐन बाराला, तीही अर्धवट. ज्यांना अमावास्या नकोच वाटते त्यांनी पौर्णिमा धरावी. गणित तेच आणि चांदणं फुकट. दोन्ही ओहोट्या सारख्या खाली जात नाहीत, म्हणून भरतीचं तक्तं बघावंच. पंचांगातली तिथी हे चंद्राचं खरंखुरं मोजमाप आहे. तिच्यापुढे लिहिलेलं शुभ-अशुभ वाळूला कळत नाही.

एका ठिकाणी मात्र हे सगळं उलटं होतं: खाडीच्या मुखाशी. तिथे नदीने आणलेला बारीक गाळ वाळूत मिसळून सैल साचलेला असतो. सैल कणांवर पाऊल पडलं की ते फुगत नाहीत, आणखी जवळ येतात, फटी लहान होतात आणि फटींतल्या पाण्याचा दाब वाढतो. कण एकमेकांवर टेकायचे थांबतात, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. असं कुणी अडकलं की देवचाराचं, म्हणजे इथल्या राखणदार भुताचं, नाव निघतं, आणि सिनेमात तर माणूस डोक्यासकट गडप होतो. २००५ साली ॲम्स्टरडॅममधल्या डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे होऊच शकत नाही. अशा रुतणाऱ्या वाळूची घनता पाण्याच्या दुप्पट असते आणि माणसाची पाण्याइतकी, त्यामुळे माणूस कमरेच्या आसपास तरंगून थांबतो. पण पाय हिसक्याने, सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने जरी उपसायचा म्हटला तरी मध्यम आकाराची मोटारगाडी उचलण्याइतकं बळ लागतं. तळाशी घट्ट बसलेल्या वाळूत पाणी शिरल्याशिवाय पाय सुटत नाही.

तेव्हा खरा धोका भरतीचा. खाडी उतरायची ती ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी, पाणी अजून बाहेर जात असताना, म्हणजे अडकलात तरी हाताशी वेळ राहतो. अडकलातच तर पिशवी काढून बाजूला टाका, मागे रेलून वजन पसरा, आणि पाय न उपसता लहान लहान वळणं देत पाण्याला त्याच्याभोवती शिरू द्या. वेळ लागतो, पण सुटतो. आणि जिथे होडी मिळते तिथे मुकाट्याने होडी घ्यावी. संपूर्ण पायी चाललो असं सांगायच्या हौसेपायी खाडी पार करणारे दरवर्षी भेटतात.

रेडीनंतर पुळण संपते. तेरेखोलच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता जांभ्याच्या चढाचा, डांबरी, आणि तिथे तिथी कुठलीही असली तरी फरक पडत नाही. निघण्याआधी पाय धुऊन, वाळवून, कोरडे मोजे घालावेत. आधीच्या दोन दिवसांची वाळू बोटांत राहिली तर त्या चढावर फोड येतातच.