हात पुन्हा हलू लागला, म्हणून ‘उद्या बघू’ नको

हातातला कप निसटतो, तोंड वाकडं होतं आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, दमला असेल, उद्या बघू. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला, तर त्याला टीआयए, म्हणजे तात्पुरता झटका म्हणतात. त्यानंतर मोठा झटका (स्ट्रोक) येणार असेल, तर त्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

हा धोका मोजायला २००७ मध्ये कॅलिफोर्निया आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एबीसीडी-२ नावाची गुणपद्धत मांडली. वय ६० किंवा जास्त असेल तर १ गुण. तपासणीच्या वेळी बीपी १४०/९० किंवा वर, १. एका बाजूची ताकद गेली असेल तर २. ताकद शाबूत पण बोलणं अडखळलं, तर १. लक्षणं तासभर किंवा जास्त टिकली तर २, दहा मिनिटं ते तासाच्या आत १. मधुमेहाचा आणखी १. समजा, ६६ वर्षांच्या मधुमेही बाईंचा उजवा हात २० मिनिटं लुळा पडला आणि बीपी १५८/९२ भरलं; त्यांचे गुण ६. मूळ अभ्यासात ६-७ गुणांच्या रुग्णांपैकी ८.१ टक्क्यांना दोन दिवसांत स्ट्रोक आला, ०-३ गुणांच्या १ टक्क्याला.

गणित सोपं, चुकतं ते माहिती घेताना. ‘हात जड झाला’ म्हणजे ताकद गेली की नुसत्या मुंग्या आल्या, हे खोदून विचारावं लागतं. मुंग्यांना गुण नाहीत. वेळ घड्याळात कोणीच पाहिलेली नसते. अर्धशिशी, फिट, साखर उतरणं यांतही टीआयएसारखी लक्षणं दिसतात.

खरी अडचण याहून मोठी आहे: टीआयए *का* झाला, हे ही पद्धत विचारतच नाही. ५२ वर्षांच्या माणसाची वाचा आठ मिनिटं गेली. मधुमेह नाही, बीपी ठीक. गुण १. पण मानेतली कॅरोटिड धमनी ८० टक्के अरुंद झालेली असेल, तर तो पहिल्या बाईंइतकाच, कदाचित जास्तच धोक्यात आहे. मधूनच अनियमित होणारे हृदयाचे ठोकेही असेच निसटतात. साध्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंद नोंदली जातात, म्हणून २४ तासांचा किंवा त्याहून लांब पल्ल्याचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके सतत नोंदणारं यंत्र, लावतात. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१९ मध्ये तर सांगूनच टाकलं की कोणाला आधी तपासायचं हे अशा गुणांवर ठरवू नका. आमच्या मते ते योग्यच आहे. गुण कमी म्हणून रुग्णाला घरी धाडण्यापेक्षा मेंदूचा स्कॅन, मानेच्या धमन्यांची डॉप्लर (सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहणारी) तपासणी आणि ईसीजी त्याच दिवशी केलेले बरे.

घाईचा फायदा किती? ऑक्सफर्डच्या एक्सप्रेस अभ्यासात टीआयए आणि छोट्या स्ट्रोकच्या रुग्णांना पहिलं औषध मिळायला साधारण २० दिवस लागत, ते एका दिवसावर आणलं. ९० दिवसांतले पुन्हा येणारे स्ट्रोक १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. अरुंद धमनीची शस्त्रक्रियाही दोन आठवड्यांच्या आत केली तर सर्वाधिक उपयोगी.

वर्षभराच्या धोक्यासाठी एसेन गुणपद्धत वापरतात. स्ट्रोक होऊन गेलेल्यांसाठी ती आहे. वय, बीपी, मधुमेह, आधीचा हार्ट अटॅक, हृदयाचे इतर आजार, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, धूम्रपान आणि या स्ट्रोकच्याही आधीचा टीआयए किंवा स्ट्रोक मिळून ९ गुण. ३ किंवा जास्त म्हणजे धोका जास्त. यात तंबाखू मोजला जातो तो फक्त ओढलेला. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळून खाणाऱ्या आजींना इथे शून्य मिळतो, पण चघळलेल्या तंबाखूनेही हृदयविकाराचा धोका वाढतो. केसपेपरवर ‘धूम्रपान नाही’ लिहून थांबू नये.

औषधांतली नेहमीची गफलत मुदतीची. छोट्या स्ट्रोकनंतर किंवा जास्त धोक्याच्या टीआयएनंतर, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या एकत्र देतात, बहुधा २१ दिवस, मग दोन्हींपैकी एकच. जुन्या चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर फायदा फारसा वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. त्यामुळे दुसरी गोळी बंद करायची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्यावी.